श्रावणातलं ताट आणि दंडावरचा सेन्सर

दंडावर चिकटवून चौदा दिवस साखर मोजत राहणारा ग्लुकोज सेन्सर घ्यावा का, हे मला बिल्डिंगमधल्या बायकांनी विचारलं, मंडईतल्या भाजीवालीने विचारलं आणि एका रिक्षावाल्याने तर सिग्नलला मागे वळून विचारलं. बाहीखाली पांढरा बिल्ला दिसला की लोकांना राहवत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. उत्तर आधी सांगून टाकते: घ्यावा, पण सणावारांच्या पंधरवड्यात लावावा. ओट्स आणि उकडलेल्या दुधीच्या आठवड्यात लावलात तर पाच हजार रुपये पाण्यात गेले म्हणून समजा.

माझी माहिती थोडक्यात. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त, राहायला नवी पेठ. टाइप टू मधुमेह, दोन वेळा मेटफॉर्मिनची गोळी. अंगाने काटकुळी, त्यामुळे "तू एवढी बारीक, तुला कशी गं शुगर?" हे प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं. याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय वजनकाट्यावर हलके भरतो आणि चरबी आत बाळगून असतो. तो फोटो मी मोबाइलमध्ये ठेवला आहे, लग्नात दाखवायला.

आता वस्तूबद्दल. ब्रँडचं नाव घेत नाही. मेडिकलमध्ये "चौदा दिवसांचा सेन्सर" म्हटलं की काढून देतात. मला पाच हजारांच्या आसपास पडला. पाच रुपयांच्या नाण्याहून मोठी, चपटी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटने पुसायचं, यंत्र टेकवून दाबायचं, टक् असा आवाज येतो आणि झालं. सुई आत राहत नाही, केसासारखा एक लवचीक धागा राहतो. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. तासाभराने तो आकडे द्यायला लागतो. फोन जवळ नेला की आत्ताची साखर, ती चढतेय की उतरतेय याचा बाण आणि मागच्या आठ तासांचा आलेख दिसतो. आठ तासांच्या आत एकदा तरी फोन लावावा लागतो, नाहीतर मधला भाग पुसला जातो. घेण्याआधी आपल्या फोनमध्ये एनएफसी (फोन टेकवून माहिती घ्यायची सोय) आहे का ते बघा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये नसतं, आणि मेडिकलवाला ते आपणहून सांगेलच असं नाही.

एक गोष्ट समजून घेतलीत तर पुढचे गोंधळ टळतील. हा धागा रक्त मोजत नाही, कातडीखालच्या पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजतो. त्यामुळे साखर भराभर चढत असेल तेव्हा तो रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. बोट टोचून आलेला आकडा आणि सेन्सरचा आकडा जुळला नाही म्हणून लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पहिल्या दिवशी तर तो जरा बावचळलेलाच असतो. म्हणून मी नागपंचमीच्या आदल्या दिवशी लावला, म्हणजे ऐन सणाला तो ठिकाणावर यावा. नागपंचमी ते नारळी पौर्णिमा दहा-अकरा दिवसांचं अंतर, मध्ये एकादशी आणि श्रावणी सोमवार. याहून कडक परीक्षा कुठली घेणार?

घरात सासूबाई आहेत, शहाऐंशी वर्षांच्या, आणि त्यांना साखरेचा मागमूस नाही. आमच्याकडे अजून त्यांच्या शिस्तीने ताट वाढलं जातं. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या-आमटी, मध्ये आंबेमोहोराची मूद, वर पिवळं वरण, तूप. जेवणाची सुरुवात वरणभाताने, मग पोळी, शेवटी ताकभात. पहिला भात, मागचा भात. लहानपणापासून हेच केलं आहे.

सेन्सरने या पहिल्या भाताचं प्रकरण उघडं केलं. नेहमीच्या क्रमाने जेवले: वरणभात, पोळी, भेंडीची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर अधूनमधून तोंडी लावायला. बसताना साखर ११८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) होती. पाऊण तासात २०९. बाण सरळ आकाशाकडे. दुसऱ्या दिवशी तेच जिन्नस, तांदूळ आणि कणीक स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून तितकेच, फक्त क्रम उलटा. आधी वाटीभर कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी-भाजी, आणि वरणभात अगदी शेवटी. १५८ च्या वर गेली नाही. माझा विश्वास बसेना म्हणून मध्ये एक दिवस पुन्हा जुन्या क्रमाने जेवले. परत दोनशेच्या वर.

यात जादू काही नाही. २०१५ साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन घेणाऱ्या अकरा मधुमेहींवर हाच प्रयोग केला होता. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा रस आधी, एकदा सॅलड, ब्रोकोली आणि चिकन आधी आणि ब्रेड-रस पंधरा मिनिटांनी. दुसऱ्या प्रकारात तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. अकरा माणसं म्हणजे फार नाहीत, पण बारावी मी. चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं, आणि मागून आलेला भात हळूहळू आतड्यात उतरतो. आपल्या ताटात हे सगळं आहेच. कोशिंबीर, उसळ, आमटी. पण आपण कोशिंबीर चमचाभर वाढतो, तीही डावीकडे, म्हणजे तोंडी लावण्यापुरती. ती वाटीत घेऊन आधी संपवायची, एवढाच बदल.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, पहिल्या भाताशिवाय जेवायला सुरुवात झाल्यासारखंच वाटत नाही." मी म्हटलं, "आई, तुम्ही खा, तुम्हाला कुठे काय झालंय." त्या खातात. मी घासभर वरणभात आधी घेते, त्यांच्या समाधानासाठी, आणि बाकीची मूद शेवटी. घासाने आलेखात काही फरक पडत नाही, हेही बघून झालं आहे.

नागपंचमीला मजा झाली. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मग कोशिंबीर कुठली? उकडलेले अख्खे मूग आधी खाल्ले, वाटीभर, जिऱ्याची फोडणी घालून, आणि मग पुरणाचं दिंड तुपात बुडवून. पुरणात गूळ आहे आणि पारी कणकेची, त्यामुळे मी धसका घेऊनच बसले होते. १८१ पर्यंत गेली आणि उतरली. एकच दिंड खाल्लं होतं. एरवी तीन झाली असती, ते लिहायला हवं. चण्याची डाळ बिचारी तशी सोशिक आहे; पुरणाला बदनाम करतो तो गूळ. आणि गूळ 'नैसर्गिक' असतो म्हणून तो मधुमेह्याला चालतो, असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. त्यांना सेन्सर लावून एक चिक्की द्यावी.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते उपासाने. एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, अगदी घरची, भरपूर दाण्याचं कूट, साजूक तूप, बरोबर दही. तासाने बघितलं तर १७० च्या आसपास. मी खूश. पण बाण वरच होता. दोन तासांनी २३६, आणि तिथून उतरायला दुपार झाली. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला निव्वळ स्टार्च. तूप आणि दाण्यांमुळे तो रक्तात उशिरा येतो, पण पुरा येतो. बोट एकदाच, तेही तासाने टोचलं असतं तर मी "मला साबुदाणा सोसतो" असं सगळ्यांना सांगत सुटले असते. पाच हजारांपैकी तीन हजार तरी मी या एका आलेखाचे धरते.

त्या आठवड्यातल्या सोमवारी मग वरीचा भात, दाण्याची आमटी आणि काकडी. वरीही कार्बोहायड्रेटच, पण दाण्याची आमटी दोन वाट्या आणि वरी अर्धी वाटी असं उलटं प्रमाण ठेवलं तर आकडा १७० च्या आत राहिला. राजगिऱ्याची भाकरी आणि भोपळ्याची भाजी त्याहून बरी. ज्यांना उपासाला फक्त खिचडीच लागते त्यांनी ती आमच्या ह्यांच्यासारखी खावी: लहान वाटी, आणि खाऊन झाल्यावर लगेच जिने उतरून बाहेर.

चालण्याबद्दल सगळे बोलतात, मीही पूर्वी मान डोलवायचे. पण बाण डोळ्यांदेखत आडवा होताना बघणं वेगळं. रात्रीच्या जेवणानंतर म्हात्रे पुलापर्यंत जाऊन परत यायचं, पंधरा-वीस मिनिटं, गप्पा मारत. वर जाणारा बाण परत येईपर्यंत आडवा झालेला असायचा. स्नायू काम करायला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. पहाटे पर्वती चढणाऱ्यांचं मला कौतुकच आहे, पण जेवणाच्या आकड्याला उपयोगी पडतं ते जेवणानंतरचं चालणं. पावसात हे जमत नाही तेव्हा घरातल्या घरात फेऱ्या मारल्या, सासूबाई "डोकं गरगरतंय माझं, बस आता" म्हणेपर्यंत.

सकाळचा एक प्रकार मला माहीतच नव्हता. रात्री साडेआठनंतर पाण्याशिवाय काही नाही, आणि तरी पहाटे चार-पाचपासून रेघ हळूहळू वर. डॉक्टर म्हणाले, पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक वाढतं, यकृत साठवलेली साखर सोडतं, बऱ्याच मधुमेह्यांमध्ये हे होतं. म्हणजे सकाळी आपण आधीच चढावर असतो, आणि त्यात नाश्त्याला कांदेपोहे. दुपारी खाल्लेल्या तेवढ्याच पोह्यांपेक्षा सकाळचे पोहे माझ्या बाबतीत तीस-चाळीसने जास्त चढतात. आता सकाळी मुगाचं धिरडं किंवा मोडाची उसळ, आणि पोहे संध्याकाळी चार वाजता, मटार-दाणे घालून. चहा बिनसाखरेचा कधीचाच झाला होता. त्याबरोबरची खारी मात्र चालू होती, "खारीत कुठे साखर असते" म्हणून. मैदा असतो. तीही सुटली, याचं दुःख मला भातापेक्षा जास्त आहे.

धान्यांबद्दल लोक फार विचारतात, तर थोडक्यात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी माझ्याकडे गव्हाच्या पोळीपेक्षा बरी वागली, पण फरक जाहिरातीत असतो तेवढा मोठा नाही. आणि दोन मोठ्या भाकऱ्या या दोन मोठ्या भाकऱ्याच असतात. खपली गव्हाचं हल्ली पुण्यात फार चाललं आहे, साध्या गव्हाच्या दुपटीहून जास्त भावाने. खपली आमच्या सांगलीकडची, खिरीची, हुग्गीची. टरफल काढायला वेगळी मेहनत लागते म्हणून महाग, हे खरं. त्यावर आपल्याच पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत काम झालं आहे, तिथली एमएसीएस २९७१ ही खपलीची जात आहे. चव उत्तम. पण पोळ्यांची चवड खाल्ली तर खपलीही आपलं काम करतेच. माझ्या आलेखात दोन खपली पोळ्या आणि दोन साध्या पोळ्या यांत पंधरा-वीसचा फरक होता, आणि तेवढा फरक वाटीभर कोशिंबिरीने फुकट मिळतो. चवीसाठी घ्या. औषध म्हणून घेत असाल तर त्या पैशाची मोडाची कडधान्यं आणा. आणि खपलीत ग्लुटेन असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी पिशवीवरच्या गोड शब्दांना भुलू नये.

मिसळीने सुखद धक्का दिला. मटकीची उसळ भरपूर, वर कांदा, लिंबू, फरसाण चिमूटभर, पोहे नकोत म्हणून सांगितलं, पाव अर्धा. १५५. दोन पाव आणि एक्स्ट्रा फरसाण घेतलेल्या दिवशी त्याच टेबलावर २१० झाली होती. म्हणजे बाहेर खाणं बंद करायची गरज नाही, "पाव एकच आण रे, रस्सा आणि मटकी जास्त" एवढं म्हणायची लाज सोडायची. वाढपी पहिल्यांदा बघतात तसं बघतात, मग त्यांना सवय होते.

नारळी पौर्णिमेचा नारळी भात मी सोडणार नव्हतेच. तांदूळ, गूळ, खोबरं, तूप, लवंग: मधुमेह्यासाठी याहून अवघड पदार्थ नाही. जेवण नेहमीसारखं उलट्या क्रमाने, साधा भात पूर्ण बाद, पोळी अर्धी, आणि शेवटी नारळी भात चार चमचे. मग म्हात्रे पूल. १७६. जेवणानंतर १८० च्या आत राहावं असं सर्वसाधारणपणे सांगतात, म्हणजे काठावर पास. चार चमचे म्हणजे मोठे डावाचे नव्हेत, पोह्याचे.

आता उणिवा, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर लोक म्हणतील कमिशन मिळालं. सेन्सर ज्या दंडावर आहे त्या कुशीवर झोपलं की तिथे दाब पडून आकडा खोटाच खाली जातो. हे अशा सगळ्याच सेन्सरचं आहे. रात्री ६० दिसले म्हणून घाबरून साखर खाण्याआधी कूस बदला, आणि बोट टोचून खात्री करा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या घेत असाल तर काही सेन्सर साखर जास्त दाखवतात, माहितीपत्रक वाचा. आंघोळ चालते, पण पंचाने खसाखसा दंड पुसायची सवय मोडावी लागते. पावसाळ्यात चिकटपट्टीच्या कडा सुटतात. वरून कापडी पट्टी लावून भागलं. माझ्या एका मैत्रिणीचा सेन्सर पाचव्या दिवशी ब्लाउजच्या बाहीत अडकून निघाला आणि बदलून मिळवायला तिला बरेच फोन करावे लागले, त्यामुळे बिल आणि खोका चौदा दिवस जपून ठेवा.

मोठी उणीव वेगळीच आहे. हे यंत्र माणसाला वेडं करू शकतं. पहिले काही दिवस मी जेवताना प्रत्येक घासाला फोन दंडाला लावत होते, आणि हे म्हणाले, "जेवतेस की क्रिकेटचा स्कोअर बघतेस?" आकडे वर जाणारच, ज्यांना मधुमेह नाही त्यांचेही जेवणानंतर जातात. बघायचं ते किती वर गेले, किती वेळ राहिले. डॉक्टरांनी मला एकच गोष्ट पाहायला सांगितली होती: दिवसातला ७० टक्के वेळ ७० ते १८० मध्ये जातो का. सुरुवातीला माझा साठच्या आसपास जात होता, शेवटच्या दिवसांत ऐंशीच्या पुढे. औषध तेच, जिन्नस बहुतेक तेच.

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे त्यांनी मात्र माझं वाचून ताट उलटं करू नका. भात एकदम कमी केला आणि गोळी तीच राहिली तर साखर घसरते. आधी डॉक्टरांशी बोला. आणि ज्यांना मधुमेह नाही, नुसती हौस आहे, त्यांनी त्या पैशात चांगली चप्पल घ्यावी आणि जेवून चालावं.

वापरायची पद्धत: शेजारी एक वही ठेवा. वेळ, काय खाल्लं, किती, कुठल्या क्रमाने, नंतर चाललो का. आलेख सांगतो साखर कधी चढली, का चढली ते वहीच सांगते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हे जड गेलं नाही. ज्यांना जड जाईल त्यांनी ताटाचा फोटो काढावा, तारीख-वेळ आपोआप पडते. एकाच पदार्थाची परीक्षा दोनदा तरी घ्या. एका दिवसाच्या आकड्यावरून आमरसाला किंवा भाताला फाशी देऊ नका, झोप कमी झाली असेल किंवा सर्दी असेल तरी आकडे बिघडतात.

चौदा दिवस झाले की तो आपोआप बंद पडतो. काढताना कडेने खोबरेल तेल लावलं की सहज निघतो, कातडी ओढली जात नाही. कचऱ्यात टाकताना वेगळा बांधून, वर लाल खूण करून द्या, गोळा करणाऱ्या ताईंच्या हाताला लागायला नको.

दर महिन्याला दोन लावणं माझ्या पेन्शनला परवडणारं नाही आणि गरजही वाटत नाही. अधूनमधून बोट टोचणं आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी), एवढ्यावर चाललं आहे. पुढचा सेन्सर अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी. हापूस, पायरी आणि आमरस-पोळी, सगळे वेगवेगळे, आधी काय खाऊन आणि किती, हे लिहून काढणार आहे. सासूबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय की त्यांच्या वाटीतला रस मोजायचा नाही.